माझ्यामागून म्हणा

मंगरूळपीर
८ सप्टेंबर २०२४

वैभवी,

आशीर्वाद लिहिले तर तू घेशील की नाही, कोण जाणे. म्हणून लिहीत नाही. पाकिटात आहेत असं समज.

तू फोन उचलत नाहीस. नंबर लावला की लगेच कटतो. जगदेव काका म्हणतो की तू माझा नंबर बंद करून ठेवला असशील. मला त्यातलं कळत नाही. पत्र तसं बंद करता येत नाही, पोस्टमन ते दाराखालून सरकवतोच. वाचायचं की नाही ते तू पाहा.

तुझे बाबा ऑगस्टमध्ये गेले. तू तेरवीला हैदराबादहून आलीस आणि पंगती उठायच्या आत बॅग उचलून निघूनही गेलीस. कारण धनीबाई. धनीबाई म्हणजे माझ्या सहावीतल्या गोलूची आजी. शाळेच्या गावातल्या बायांबरोबर ती भेटायला आली होती. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. तुझा हात धरून ती म्हणाली, “आमचं पोट्टं त्या दिवशी घरी येऊन तेच म्हणून राह्यलं होतं, बाई. माय हजबंड इज नो मोअर. बकऱ्या बांधतानीबी तेच. आमाले वाटलं मॅडमनं नवी कविता देल्ली. मंग त्याच्या काकानं सांगतलं का हे तं मरणाचं आहे.”

तू माझ्याकडे पाहिलंस. मी पानांवर द्रोण ठेवत होते. तू म्हणालीस, “आई, तू बाबाच्या मरणाची घोकंपट्टी घेतली? पोट्ट्यायकडून?”

मी हो म्हटलं. तू गेलीस. मी पुढच्या पानांवर द्रोण ठेवले. त्याचाही तुला राग आला असेल तर तो बरोबर आहे.

त्या तासाला काय झालं ते मी लिहीन, पण आज नाही. आज हात वळत नाही. मला तुझ्याकडून माफी वगैरे नको आहे. तू माझ्याशी बोलावंस, एवढंच पाहिजे. घरात आता बोलणारं माणूस नाही, आणि मी अशी बाई आहे की समोरचं कुणी बोललं नाही तर दिवसच्या दिवस तोंड उघडत नाही.

तेरवी झाली आणि लगेच मी शाळेत गेले. मारोतराव सरांनी ऑफिसातूनच पाहिलं. मुख्याध्यापक असून बिचारे बाहेर आले, माझी स्कूटी स्वतः स्टँडला लावली. म्हणाले, “कायले आल्या, मॅडम? ढीगभर रजा पडून आहे तुमची.” आहे खरी. रजा टाकणं मला जमत नाही, तुला माहीत आहे. तू नोकरीला लागलीस तेव्हा हैदराबादला सोडायला बाबा आले होते. माझ्या मुलांची घटक चाचणी होती.

परवा महालक्ष्म्या. यंदा आपल्याकडे बसणार नाहीत. मुखवटे जगदेवच्या बायकोनं नेले. मी कपाट उघडून दिलं.

आई


मंगरूळपीर
६ ऑक्टोबर २०२४

वैभवी,

तुझं उत्तर नाही. नसेना. वर्गात प्रश्न टाकला की मी जरा वेळ थांबते आणि मग उत्तर स्वतःच सांगते, ती सवय इथेही उपयोगी पडते.

बाबांचं दुकान जगदेवनं उघडलं. बाबांनी खोलून ठेवलेल्या विहिरीवरच्या मोटारी अजून आपल्या वऱ्हांड्यात आहेत. काहींची जुनी तार काढलेली आहे, नवी भरायची राहिली. लोक येतात, फाटकातून विचारतात, “वहिनी, आमची मोटार झाली काय?” हरभरा पेरायचा आहे, पाणी लागणार, त्यांचं चुकत नाही. एक जण तर विचारून मग आठवल्यासारखा मागे वळला आणि चप्पल हातात घेऊनच गेला. मी जगदेवकडे पाठवते सगळ्यांना. जगदेव चांगलं काम करतो, पण बाबांसारखी तार गुंडाळत नाही असं म्हणतात.

मला काही वाटत नाही, वैभवी. हे तुला सांगायला हवं. लोक येऊन रडतात आणि मी त्यांना पाणी देते. पाय अंगाखाली घेऊन खूप वेळ बसलं की तो आपला राहत नाही, मुंग्यासुद्धा येत नाहीत अजून, तसं सगळं अंग आहे. पेपर तपासते, भाजी चिरते, गणपतीत आरतीला टाळ्याही वाजवल्या. कधी वाटतं, तू म्हणालीस ते खरंच असेल, मी त्यांचं जाणं पाठ केलं आणि संपलं.

तुला माझा वर्ग आठवतो का? स्कूटीवर पुढे उभी राहून यायचीस. पाचवी-सहावीत तू माझ्याच हाताखाली होतीस. इंग्रजीच्या तासाला दार लोटलं की मराठी बाहेर. ज्याच्या तोंडून मराठी शब्द निघेल त्यानं फळा पुसायचा. आधी मी म्हणायचं, मग सगळ्यांनी. मी श्वास घेतला की सगळा वर्ग श्वास घेतो. नवीन शिक्षक हसतात याला, पण आपल्या मुलांना इंग्रजी ऐकायला मिळतं ते एवढंच. घरी कोण बोलणार? बकऱ्या?

सगळ्यांत जास्त फळा तू पुसलास. शाळेत मॅडम म्हणायचं असं बजावलं होतं आणि तुझ्या तोंडून आई निघायचं. मग पुढे उलट झालं, घरीही मॅडम म्हणायला लागलीस. बाबांना तो शब्द एवढा आवडला की त्यांनी तो उचललाच. “मॅडमले च्या पाहिजे काय?” तेव्हापासून मला घरात नाव नाही.

तसं त्यांनाही नव्हतं. मी अहो म्हणायचे, लोकांत वैभवीचे बाबा. माझ्या आईनं आमच्या वडिलांचं नाव कधी तोंडातून काढलं नाही, सासूबाईंनीही नाही. मी शिकलेली, नोकरीवाली, पण मलाही ते जमलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. बँकेत त्यांचं नाव विचारलं तरी मी आधार कार्ड पुढे करायचे. तू हसायचीस.

आणखी एक गंमत सांगते. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, पण इंग्रजीत मला कुणी कधी काही विचारलेलं नाही. तू तिकडे दिवसभर कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांशी फोनवर बोलतेस, काय मदत करू म्हणून विचारतेस. इथे साहेब येतात ते मुलांना विचारतात, आणि कोणतं मूल कोणतं उत्तर देणार हे मी आधीच बसवून ठेवलेलं असतं. वाक्यं आमच्याकडे पुष्कळ आहेत. विचारणारं कुणी नाही.

आई


मंगरूळपीर
५ नोव्हेंबर २०२४

वैभवी,

शाळेला दिवाळीच्या सुट्ट्या आहेत. हाताला काम नाही. म्हणून त्या तासाचं लिहून टाकते.

सहावीचा वर्ग, जेवणाच्या सुट्टीआधीचा तास. कुटुंबाचा पाठ चालला होता. माय फादर इज अ फार्मर. माय अंकल इज अ ड्रायव्हर. मी म्हणत होते, मुलं मागून म्हणत होती. फोन टेबलावर होता. एरवी पर्समध्ये असतो, पण सकाळी गॅस सिलिंडरवाल्याचा यायचा होता म्हणून बाहेर ठेवला होता. वाजला. पाहते तर जगदेव. त्याला माझ्या तासाच्या वेळा माहीत आहेत, तो असा करत नाही. उचलला.

“वहिनी, दादा गेले. दुकानातच. मोटार गुंडाळून राह्यले होते, तसेच बसले. तुमी या लवकर.”

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

समोर सगळी मुलं माझ्या तोंडाकडे पाहत होती. पुढचं वाक्य हवं होतं त्यांना. अंकल झाला होता, आता ब्रदर यायचा होता. मी श्वास घेतला, त्यांनीही घेतला. आणि माझ्या तोंडून निघालं, माय हजबंड इज नो मोअर. इंग्रजीत का निघालं, हे मला विचारू नकोस. इंग्रजीचा तास होता. मोबाईलवर लोक गेल्याचे निरोप याच शब्दांत येतात. तेच आलं.

आणि मुलांनी ते म्हटलं. मोठ्यानं, सुरात, शेवटच्या शब्दाला हेल काढून. मागच्या रांगेतली पोरं नेहमीसारखी अर्धा शब्द उशिरा.

तेव्हा मी थांबायला हवं होतं, हे मला कळतं. पण मी म्हटलं होतं ते मला खरं वाटेना. माझा आवाज रोजचाच होता. मुलांनी म्हटलं तेव्हा मात्र कुणीतरी बाहेरून येऊन सांगितल्यासारखं वाटलं. म्हणून मी अगेन म्हटलं. त्यांनी पुन्हा म्हटलं. गोलू सगळ्यांत पुढे, बाकावरून उठून, कारण त्याला वाटलं मॅडमला आवाज कमी पडला. मग पुन्हा. किती वेळा ते मी मोजलं नाही. घंटा होईपर्यंत.

एकच मुलगी म्हणत नव्हती. तूबा, उस्मानभाई टेलरची. तिनं दोन्ही हात तोंडावर धरले होते. मी तिच्याकडे पाहून बोट वर केलं, म्हण म्हणून. ती मान हलवत राहिली. तिच्या घरी मोबाईलवर असे निरोप ती वाचत असणार, तिला समजलं होतं.

घंटा झाली. मी फळा पुसला, डस्टर जागेवर ठेवलं. मारोतराव सर दारात उभे होते, त्यांना फोन आला होता. तोंड पांढरं पडलं होतं त्यांचं. म्हणाले, “चला, मॅडम.” मी म्हटलं, वह्या राहिल्या गोळा करायच्या.

झालं एवढंच. तुला जे सांगितलं गेलं त्यात खोटं काही नव्हतं. मी तास अर्धवट सोडला नाही आणि मुलांकडून म्हणून घेतलं, दोन्ही खरं. पण त्यांचं मरण मला हलकं होतं असं तुला वाटत असेल तर तसं नाही. मला ते कळत नव्हतं. आणि न कळलेलं मला दुसऱ्या कोणत्या रीतीनं शिकताच येत नाही.

फराळाचं काही केलं नाही. जगदेवच्या बायकोनं शंकरपाळे आणून दिले. बरे होते.

आई


मंगरूळपीर
१५ डिसेंबर २०२४

वैभवी,

एवढं सगळं लिहूनही तुझं काही आलं नाही. मला वाईट वाटायला हवं, पण वाटत नाही, आणि आता याचीच भीती वाटायला लागली आहे. एक दिवस तू दारात येऊन उभी राहशील आणि मी तुला पाणी आणून देईन, बस. असं होऊ नये.

आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. तुझ्याच वयाची एक मुलगी शिकवायला आली होती. पाठ घेऊन दाखवायचा होता, मी दाखवला. संपल्यावर ती हसून म्हणाली, “मॅडम, सगळं तुमीच बोलता. त्यायले बोलू द्या ना. मागून म्हणणं बंद. पोट्ट्यायनं तुमाले विचारलं पाहिजे, त्यायच्या मनातलं.” मला राग आला. एवढ्या वर्षांत मुलांच्या तोंडून इंग्रजीचं एक तरी वाक्य निघतं ते माझ्या घशाच्या जोरावर, आणि ही कालची पोरगी मला गप्प बस म्हणते. पण वर्गात आले आणि खरं सांगू का, मलाच पुढे होऊन वाक्य म्हणणं नकोसं झालं होतं. कोणतंही. मी श्वास घेतला की मुलं श्वास घेतात, आणि मला तो तास आठवतो. म्हटलं, करून पाहू.

मी सांगितलं, आस्क मी अ क्वेश्चन.

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, “आस्क मी अ क्वेश्चन!”

मी म्हटलं, नो, नो. त्यांनीही नो, नो म्हटलं. मी हात जोडले तर गोलूनं हात जोडले. बाबा असते तर ही गोष्ट त्यांनी दुकानात आल्यागेल्याला सांगितली असती. मी घरी आले आणि सांगायला कुणी नव्हतं, म्हणून तुला लिहिते.

मग मी नियमच बदलला. मराठी बोलणाऱ्यानं फळा पुसायचा, हे बंद. आता माझ्यामागून जो म्हणेल त्यानं पुसायचा. फळा एवढा स्वच्छ कधी नव्हता. मी प्रश्न विचारा म्हणते आणि मुलं ओठ मिटून बसतात. कुणाला कधी कुणी विचारायला सांगितलेलंच नाही. तास संपेपर्यंत आम्ही एकमेकांची तोंडं पाहतो. मारोतराव सर खिडकीतून डोकावून जातात. त्यांना वाटत असेल, मॅडमचं डोकं फिरलं.

तूही मला काही विचारलं नाहीस, हे आज लक्षात आलं. तेरवीच्या मांडवात तू विचारलंस तो प्रश्न नव्हता, तुझं उत्तर ठरलेलं होतं. दोष देत नाही. शिकलीस माझ्याकडेच.

आई


मंगरूळपीर
१९ जानेवारी २०२५

वैभवी,

हे पत्र वाच. बाकीची वाचली नसशील तरी हे वाच.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. गल्लीत हळदीकुंकू चालू होतं, मला बोलावणं नव्हतं, त्यात काही विशेष नाही. मी शाळेत गेले. सहावीचा तास. मी नेहमीसारखं विचारा म्हटलं आणि खुर्चीवर बसले. बाहेर स्वयंपाकीण खिचडीला फोडणी देत होती, तिचा ठसका सगळ्यांना लागला. तेवढ्यात तूबा उभी राहिली. हात बाकाला घट्ट धरलेले. पाठातल्याच साच्याचं वाक्य होतं, पण ते तिनं माझ्यासाठी जुळवून आणलं होतं. म्हणाली,

“मॅडम, व्हॉट इज युवर हजबंड्स नेम?”

गोलूनं तिच्या फ्रॉकचं टोक ओढलं, बस म्हणून. ती बसली नाही.

मला आजवर इंग्रजीत कुणी विचारलेला हा पहिला प्रश्न. उत्तर मी बसवलेलं नव्हतं. मी पुढे करायला कार्ड शोधावं तसा हात पर्सकडे गेला, बघ. मग मी उठले. म्हटलं,

हिज नेम इज भागवत.

म्हटलं आणि थांबले. सवयीनं थांबले, मुलं आता मागून म्हणतील म्हणून. कुणीही म्हटलं नाही. फळा पुसावा लागेल म्हणून नव्हे. त्यांची तोंडं पाहिली मी. त्यांना कळलं होतं की हे त्यांनी म्हणायचं नाही.

मग मीच पुन्हा म्हटलं. भागवत.

आणि मला रडू आलं. मुलांपुढे, पदर तोंडात धरून, उभ्यानं. तेरवीला जे आलं नाही ते सगळं. तूबा जवळ आली, पाण्याची बाटली दिली. हळूच म्हणाली, “मॅडम, म्या त्या दिवशी नव्हतं म्हटलं. मले समजलं होतं.” मी म्हटलं, मी पाहिलं होतं.

गेल्या पत्रात लिहिलेली भीती आता राहिली नाही. दुखतं आहे. फार दुखतं आहे. तू ये किंवा येऊ नकोस, पण तुझे बाबा गेले, वैभवी. माझे भागवत गेले. उखाण्यानंतर मी त्यांचं नाव त्यांच्यासमोर एकदा तरी घ्यायला हवं होतं, त्यांना किती आवडलं असतं ते.

तुला एकच मागते. मला काही सांगू नकोस, मी कशी आहे ते मला माहीत आहे. विचार. काहीही विचार.

आई


मंगरूळपीर
९ फेब्रुवारी २०२५

वैभवी,

तुझं पाकीट आलं. आत एवढंच होतं, ‘बाबा त्या दिवशी सकाळी काय बोलले?’ मी ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं.

सांगते. मी आरशापुढे साडीला पिन लावत होते. ते अंगणातून म्हणाले, “मॅडम, मांगचं चाक बसलं तुमच्या गाडीचं. थांबा, हवा भरून देतो.” मी म्हटलं, उशीर होतो आहे. ते म्हणाले, “होऊ द्या. साहेब काय फाशी देते?” त्यांनी पंपानं हवा भरली. दम लागला त्यांना, कपाळ पुसलं, मला वाटलं ऊन आहे. चाकाला अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाले, “जा आता खुशाल.” मी गेले. वळून पाहिलं की नाही ते आठवत नाही. खूप आठवून पाहिलं. नसेन पाहिलं. एवढंच बोलणं झालं, यात मी वाढवलं काही नाही.

मागच्या आठवड्यात तेच चाक पुन्हा बसलं. जगदेवनं हवा भरून दिली आणि मी रस्त्यात उभी राहून रडले. येणाऱ्याजाणाऱ्यांनी पाहिलं. पाहू देत.

तूबा आता रोज काहीतरी विचारते. तिचं पाहून बाकीची मुलंही. गोलूनं परवा विचारलं, मॅडम, व्हॉट डू यू ईट? मी पोळी-भाजी म्हटलं, तर विश्वास बसला नाही त्याचा. त्यांच्या निम्म्या प्रश्नांना मला इंग्रजीत उत्तर देता येत नाही. अडखळते. मुलं थांबून राहतात.

मारोतराव सरांकडे रजेचा अर्ज दिला. त्यांनी दोनदा वाचला. म्हणाले, “मॅडम, तारीख लिवली नाही तुमी.” मी म्हटलं, मुलगी सांगेल.

आता मी विचारते. मला हे नीट येत नाही, सांभाळून घे.

मी येऊ का तुझ्याकडे?

आई